शेतातला गोठा राहायला करतोय, भिंत फुटतीय. काय करावं?

माळरान (मोहोळ तालुका)
मंडळी, शेतात आजोबांचा गोठा आहे. ४८ बाय १६ फूट, दगड-मातीच्या दोन फुटी भिंती, पूर्वेची बाजू उघडी. वर माळवद (मातीचं सपाट छत) होतं. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्या धास्तीनं आजोबांनी माती उतरवून पत्रे टाकले. बैल कधीच विकले. आता सोलापुरातली भाड्याची खोली सोडून आम्ही चौघं तिकडंच राहायला जायचं म्हणतोय. ठेकेदार म्हणतो पाडा, स्लॅब टाका, एसी लावा. मला ४३ डिग्रीत स्लॅबखाली झोपून लाईटबिलं भरायची नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. पावसाळ्यात गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरं पीठ फुटलं आणि दिवाळीला हात लावला तर परातीएवढा पापुद्रा खाली आला. मागची माती नखानं उकरली तरी पडते. आई म्हणते, "बैलाची जागा माणसाला लाभत नसते."

चुनखडी
मुताची नाली त्याच भिंतीला होती का?

माळरान
होय की! गव्हाण पूर्वेला, जनावरांची पाठ भिंतीकडं.

चुनखडी
मग लाभण्या-न लाभण्याचा प्रश्न नाही, तो लोणा आहे, म्हणजे भिंतीत मुरलेलं मीठ. पन्नास वर्षं मूत मुरलंय, त्याचे क्षार दमट हवेत पाणी ओढतात आणि सुकताना गिलावा ढकलून देतात. पूर्वी असल्याच मातीतून सोरा (बंदुकीच्या दारूत घालायचं मीठ) काढायचे. सिमेंटनं भिंतीचा श्वास कोंडतो आणि ओल आणखी वर चढते. आधी सगळा गिलावा काढा. जमीन फूट-दीड फूट उकरून ती माती शेतात टाका (पिकाला सोनं आहे), खाली नवा मुरूम भरा. भिंतीला चिकणमाती आणि कागदाचा ओला लगदा थापा, पूर्ण वाळला की खरवडून लांब फेका. असं तीन-चार वेळा. मग एक पावसाळा भिंत उघडी ठेवा आणि त्यानंतरच चुन्याचा गिलावा. घाई केली तर पुन्हा इथंच प्रश्न विचाराल.

तुळजापूर नाका
चुनखडी म्हणतात ते बरोबर, पण आधी जीव बघा. किल्लारीला माणसं जास्त करून दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या मातीच्या ओझ्याखालीच गेली. दोन फुटी भिंत म्हणजे आतली एक आणि बाहेरची एक, मधे चिपा-माती. आरपार जाणारे दगड नसतील तर हलल्यावर दोन्ही पोटं सुटतात. ठरावीक अंतरावर भोक पाडून सळई घालून काँक्रीटचे बांध घ्या, दारांच्या वर सलग पट्टा घ्या. हे इंजिनिअरकडूनच करून घ्या. आणि हौसेपायी पुन्हा माळवद चढवू नका हो.

गारव्याचं म्हणाल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर असतो, म्हणून दक्षिण भिंतीपेक्षा छत आणि पश्चिम भिंत तापते. पत्र्याला वरून पांढरा रंग, खाली वीतभर पोकळी ठेवून ग्लासवूल आणि बोर्ड, आढ्याला गरम हवा जायला वाट. पश्चिमेला ओसरी काढा नाहीतर दोन कडुलिंब लावा. जाड भिंत दुपारचं ऊन रात्री आत सोडते, म्हणून खिडक्या रात्री सताड उघड्या आणि सकाळी नऊला बंद. आमच्या घरी हे काम आजीकडं असतं, कुणी विसरलं तर चहा मिळत नाही.

अक्कलकोटकर
सोलर आताच बघून ठेवा. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे, पण घरगुती मीटर पाहिजे, शेतीपंपाच्या कनेक्शनवर होत नाही. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घ्या, जुना पंखा ७५ वॅट खातो तिथं हे तिशीच्या आसपास. आणि खाली शहाबादी, टाईल्स नको.

माळरान
रविवारी दोघं जण लावून गिलावा पाडला. नालीच्या कडेला ओंजळभर पांढरं निघालं, वाटीत भरून आईला दाखवलं. ती म्हणाली, "हे मीठ असेल तर मग राहू. पण गव्हाणीचा लांब दगड फोडायचा नाही, मला धुण्याला पाहिजे." ठेकेदाराला नको म्हणून सांगितलंय. आता सांगा, चुना भिजवायला टाकी किती मोठी करू?