तंबोऱ्याला 'ड्रोन' का म्हणायचे?

कुंडईकर
परवा फोंड्याकडच्या एका देवळात गाण्याची बैठक होती. निवेदिकेने साथीदारांची नावे सांगताना तंबोऱ्यावरच्या मुलीची ओळख 'ड्रोनवर अमुक' अशी करून दिली. मला ते फार लागले. इंग्रजी कोशात या शब्दाचे अर्थ बघा: मध गोळा न करणारी नरमाशी, दुसऱ्याच्या जिवावर जगणारा ऐतखाऊ, कानाला कंटाळा आणणारी घूं-घूं, आणि तासभर रटाळ बोलत राहणे. यातला कुठला अर्थ तंबोऱ्याला लावायचा? प-सा-सा-सा अशा चार तारा, घोडीवर तारेखाली सुताचा धागा. तो केसभर मागेपुढे सरकवला की जवारी, म्हणजे तारेची झणकार, खुलते आणि खर्जाच्या तारेतून गंधार बोलू लागतो. कोणतीच तार गंधाराला लावलेली नसते, तरी तो ऐकू येतो. अशा वाद्याला एकसुरी कोण म्हणेल?

पेट्यावाली, बार्देश
आधी नरमाशीची बाजू मांडते, कारण माझ्याकडे सातेरी माश्यांच्या पेट्या आहेत. तिला ऐतखाऊ म्हणणे अन्याय आहे. नर नसतील तर नव्या राणीचे मीलन होणार नाही आणि वसाहत पुढे चालणार नाही. त्याला नांगी नसते, अंगाने तो कामकऱ्यांपेक्षा जाड असतो, आणि उडताना त्याचा आवाज चांगलाच भरदार येतो. पेटी उघडल्यावर तो आवाज वेगळा ओळखता येतो. त्यात तुच्छ काही नाही.

माशेलचा सनईवाला
कुंडईकरबाब, तुम्ही कोशातला एक अर्थ गाळलात. बॅगपाइपला चाल वाजवणारी नळी एक आणि सतत एकच स्वर धरणाऱ्या नळ्या वेगळ्या. त्या नळ्यांना इंग्रजीत ड्रोनच म्हणतात, त्यात कोणाचा अपमान होत नाही. इंग्रजी पत्रिकेत तंबोऱ्यापुढे तो शब्द घातला तर परक्या श्रोत्याला चटकन कळते. तेवढे चालू द्या. मराठी निवेदनात मात्र नको. आमच्या सनईला सूर धरायला सुर्त नावाचे वेगळे फुंकवाद्य असते. सुर्त धरणाऱ्याचा दम तुटला तर सनईवाल्याचे काय होते, ते चौघड्यापाशी बसून बघा. वाडवडिलांनी या कामाला स्वतंत्र नाव दिले, ते उगाच नव्हे.

वास्कोहून
अर्थांचा कीस काढून उपयोग नाही, तिसऱ्याच अर्थाने बाकीचे गिळून टाकले आहेत. ब्रिटिशांनी १९३५ च्या सुमारास तोफांच्या सरावासाठी बिनवैमानिकाचे विमान केले, नाव 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी. त्यावरून अमेरिकी नौदलाने आपल्या विमानांना ड्रोन म्हटले असे सांगतात. आज जत्रेत पालखीवर घिरट्या घालतो तो ड्रोन, सरकारची २०२१ ची नियमावलीही त्याचीच. देवळात 'ड्रोनवर अमुक' ऐकले की पोरे वर बघणार. तंबोरा म्हणा, विषय संपला.

रियाजी, डिचोली
माझा विषय संपलेला नाही. मिरजेचा तंबोरा मला परवडत नाही, रियाज फोनवरच्या अ‍ॅपवर करते. त्यातून सूर नेटका येतो, पण तार छेडली जात नाही, हवा दमट झाली म्हणून उतरत नाही, मध्येच लावून घ्यावा लागत नाही. त्याला तंबोरा म्हणायला माझी जीभ वळत नाही. ड्रोन म्हटले की खरे बोलल्यासारखे वाटते. तोही शब्द काढून घेतलात तर मी काय म्हणू?

कुंडईकर
'सूर' म्हण. आपल्या घराघरांत 'सूर लाव गे' असेच म्हणतात, मग तो पेटीचा असो की यंत्राचा. तुझ्या प्रामाणिकपणाला माझा विरोध नाही. पण त्या दिवशी व्यासपीठावर यंत्र नव्हते. पावसाळी हवेत तारा सारख्या उतरत होत्या आणि ती मुलगी दर चिजेनंतर मान खाली घालून खुंट्या पिळत होती.

रियाजी, डिचोली
यंत्रासाठी सूर मान्य, उद्यापासून तसेच म्हणेन. पण संगीतशाळेच्या इंग्रजी पत्रिकेत मी ड्रोनच लिहिणार. तिथे माझे मत सनईवाल्या बाबांसारखेच आहे.