अडतं कोणाचं, ते बघा

'गिरणी संपाचं काय झालं ते पाहिलंच, संपात मरतो तो कामगारच' हा संप-आंदोलनांविरुद्ध मांडला जाणारा मुद्दा मला अर्धाच पटतो. १९८२ च्या मुंबईतल्या संपात जवळपास अडीच लाख कामगार उतरले होते, एकजूट कमी नव्हती. पण गिरण्या बंद राहिल्याने मालकांचं फारसं अडत नव्हतं, कापड बाहेरच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होतं.

याउलट अमेरिकेतलं माँटगोमेरी शहर. ५ डिसेंबर १९५५ पासून कृष्णवर्णीयांनी तिथल्या बसवर बहिष्कार टाकला आणि वर्षभराहून जास्त टिकवला. बसचे बहुसंख्य प्रवासी तेच, त्यामुळे उत्पन्नच आटलं. गंमत म्हणजे सुरुवातीच्या मागण्या अगदी माफक होत्या: गोऱ्या प्रवाशासाठी बसलेल्या कृष्णवर्णीयाला उठवू नका, नीट बोला, काही मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमा. गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या जागा रद्द करा असंही म्हटलं नव्हतं! एवढंही नाकारल्यावर मग काही महिलांच्या नावाने थेट वेगळ्या जागांच्या कायद्यांविरुद्धच खटला गुदरला गेला आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला.

आता यावर 'म्हणजे बदल कोर्टाने केला, आंदोलनाने नाही' असं कुणीतरी म्हणणारच. पण निकाल लागेपर्यंत लोक रोज कामावर पायी जात होते, किंवा आपसात गाड्यांची सोय करून. शहर प्रशासनाला ही सोयच इतकी खुपत होती की ती बंद पाडायला त्यांनी स्थानिक कोर्टातून मनाई हुकूम मिळवला, तोही नेमका सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्याच दिवशी.