मेथड फोडायची, तोडायची की तिचे अवयव पाडायचे?

पानवेल
पदविकेच्या मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची टिपणं मराठीत लिहितेय. लांबलचक मेथडच्या (मेथड म्हणजे प्रोग्रॅममधला नाव दिलेला, हाक मारून चालवता येणारा भाग) छोट्या मेथड करण्याच्या धड्यावर येऊन गाडी अडली आहे. ‘रिफॅक्टरिंग’ला पुनर्रचना म्हणू का? ‘एक्स्ट्रॅक्ट मेथड’चं यंत्रानुवाद ‘पद्धत काढा’ करतो. ते वाचून मुलं मेथडच डिलीट करतील. आणि रीडेबिलिटी म्हणजे वाचनीयता की सुवाच्यता?

कंसातला
शेवटचं आधी घेतो, सोपं आहे. सुवाच्य असतं अक्षर, वाचनीय असतो दिवाळी अंक. कोड यातलं काहीच नसतो (निदान माझ्या वाट्याला आलेला तरी). ‘सुबोध’ म्हणा, नाहीतर सरळ ‘वाचायला सोपा’.

पुनर्रचना मात्र खटकते. राज्यपुनर्रचना झाली की नकाशा बदलतो, कर्जाची पुनर्रचना झाली की हप्ता बदलतो. रिफॅक्टरिंगची तर पहिली अटच ही, की बाहेरून बघणाऱ्याला काही बदललेलं दिसता कामा नये. तेच इनपुट दिलं की तेच आउटपुट. बदल फक्त आत.

फळा_डस्टर
शब्दाच्या पोटातच फॅक्टर आहे की! फॅक्टर करणं म्हणजे आपलं शाळेतलं अवयव पाडणं. क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव (क्ष + २)(क्ष + ३). क्षच्या जागी १ घाला: इकडे १ + ५ + ६ = १२, तिकडे ३ × ४ = १२. दुसरी कुठलीही संख्या घालून पाहा, किंमत तीच, मांडणी निराळी. कंसातला म्हणतात ती अट या शब्दात आयती आहे.

‘एक्स्ट्रॅक्ट’लाही दूर जायला नको. ‘सामाईक अवयव बाहेर काढा’ हे प्रत्येकाने वहीत लिहिलेलं असतं. तीन ठिकाणी तोच हिशेब दिसला की तो एकदाच बाहेर काढायचा. म्हणून एक्स्ट्रॅक्ट मेथड म्हणजे ‘मेथड बाहेर काढणे’. नुसतं ‘काढणे’ नको, त्याचा अर्थ पुसून टाकणे असाही होतो.

नाइट_शिफ्ट
कामाच्या ठिकाणी ऐकू येतं ते असं: ‘ही मेथड फोड’, ‘एवढा भाग बाहेर काढ’, ‘हे जरा रिफॅक्टर करून टाक’. ‘तोडणे’ चालत नाही. ‘तू कोड तोडलास’ म्हणजे चालू प्रोग्रॅम बंद पाडलास.

थोडा इतिहास: विल्यम ओपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठात याच विषयावर पीएचडी केली. शब्द घरोघरी पोचला तो मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकामुळे. त्याच्या २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत उदाहरणं जावातून जावास्क्रिप्टमध्ये गेली आणि ‘एक्स्ट्रॅक्ट मेथड’चं ‘एक्स्ट्रॅक्ट फंक्शन’ झालं. टिपणात दोन्ही नावं द्या, मुलांना नेटवर दोन्ही भेटतील.

पानवेल
‘फोडणे’ आणि ‘बाहेर काढणे’ दोन्ही आवडले. धड्यातलं उदाहरण वीजबिलाचं आहे. एकच मेथड: रीडिंग तपासते, युनिट काढते, टप्प्याटप्प्याने दर लावते, शुल्क घालते आणि शेवटी बिल छापते. स्क्रोल करता करता बोट दुखावं इतकी लांब. फोडल्यावर अशी दिसते:

वीजबिल(ग्राहक):
  रीडिंग_तपासा(ग्राहक)
  युनिट = वापर(ग्राहक)
  आकार = स्थिर_आकार(ग्राहक) + वीज_आकार(युनिट) + वहन_आकार(युनिट)
  बिल_छापा(ग्राहक, आकार + वीज_शुल्क(आकार))

(पायथन ३ मध्ये देवनागरी नावं खरंच चालतात. कीवर्ड, म्हणजे if, for असे भाषेचे राखीव शब्द, तेवढे इंग्रजी. इंधन समायोजन आकार जागेअभावी गाळलाय.)

कंसातला
उदाहरण झकास, कारण नावं तुम्ही पाडलेलीच नाहीत, महावितरणच्या बिलावर छापलेली आहेत. स्थिर आकार युनिटांवर ठरत नाही, म्हणून त्याला युनिट दिलेलं नाही. शुल्क आधीच्या आकारांवर टक्क्याने लागतं, म्हणून त्याच्या हातात बेरीज आहे. कोण कशावर अवलंबून आहे ते कंसात डोकावलं की कळतं. जुन्या मेथडमध्ये हे शोधायला चाळीस ओळी वर जावं लागलं असतं. १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आता फक्त वीज_आकार मध्ये असतील. दर बदलले तर हात तिथेच घालायचा.

पण ‘फोड’ आणि ‘तुकडा’ यातला फरक धड्यात यायलाच हवा. ‘विद्यालय’ची फोड विद्या + आलय. विद् + यालय हा तुकडा. ओळी मोजून कापणारे लोक भाग_एक(), भाग_दोन() अशा मेथड करतात आणि प्रत्येकीला कंसात सात-सात पॅरामीटर (बाहेरून पुरवायच्या किमती) देतात. त्यापेक्षा मूळ लांब मेथड बरी, निदान वरून खाली वाचता तरी यायची.

नाइट_शिफ्ट
अगदी. ‘वीस ओळींच्या वर नको’ असले नियम मला मान्य नाहीत. नाव सुचत नसेल तर तो भाग आहे तिथेच राहू दे. आणि नावात ‘आणि’ आलं, म्हणजे तपासा_आणि_छापा, तर अजून फोडायचं राहिलंय.

आणखी एक: फोडण्याआधी चाचण्या लिहिलेल्या हव्यात. ९९, १००, १०१ युनिटांची बिलं आधीच काढून ठेवा आणि फोडून झाल्यावर ताडून पाहा. फळा_डस्टर यांनी क्षच्या जागी १ घातला, तेच हे.

पानवेल
उलट क्रियेला, म्हणजे बाहेर काढलेली मेथड पुन्हा मूळ जागी घालण्याला, ‘इनलाइन’ला काय म्हणू? अवयवांच्या उलट विस्तार, म्हणून ‘मेथडचा विस्तार’?

फळा_डस्टर
गणितात बरोबर, पण इथे विस्तार म्हणजे फीचर वाढवणं वाटेल. बाहेर काढणे, तसं आत घेणे.

पानवेल
मग असं लिहिते: “रिफॅक्टर करणे: प्रोग्रॅमचं वागणं न बदलता त्याची आतली मांडणी सुधारणे, गणितात अवयव पाडताना किंमत तीच राहते तसं. मेथड फोडणे: लांब मेथडमधला ज्याला स्वतंत्र नाव देता येतं असा भाग बाहेर काढून त्याची वेगळी मेथड करणे. उलट क्रिया: आत घेणे.”

कंसातला
चालेल. ‘आतली मांडणी’नंतर ‘वाचायला आणि बदलायला सोपी होईल अशी’ एवढं घाला. नाहीतर कोणी स्पेसच्या जागी टॅब टाकून रिफॅक्टर केलं म्हणेल.