मदत हवी आहे : जास्वंदीवरील पट्टेरी भुंगेऱ्यांची ओळख आणि छायाचित्रण

नमस्कार. पुण्यात आमच्या अंगणातील गावठी लाल जास्वंदीवर श्रावण सरता सरता काळे भुंगेरे येऊ लागतात. त्यांच्या पंखांच्या कठीण आवरणावर तांबडे-नारिंगी, नागमोडी आडवे पट्टे असतात आणि खांद्याजवळ दोन्ही बाजूंना त्याच रंगाचा एकेक ठिपका असतो. लांबी साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर भरते. एकाच फुलात तीन-चार जण बसून पाकळ्या कडेपासून कुरतडत जातात आणि फांदीला धक्का लागला की टपकन खाली पडतात. या खुणांवरून, तूर, भेंडी आणि चवळीच्या फुलांवर येणारा ब्लिस्टर बीटल (फोड आणणारा भुंगेरा), शास्त्रीय नाव मायलॅब्रिस पुस्टुलाटा, हाच असावा असे मला वाटते.

माझी शंका अशी की काही भुंगेऱ्यांचे पट्टे चक्क पिवळसर दिसतात. हा एकाच जातीतला रंगभेद समजावा, की दुसरी जात असण्याची शक्यता धरावी? ओळख पक्की करण्यासाठी पाठीच्या छायाचित्राशिवाय शृंगिका (डोक्यावरच्या मिशा), डोके किंवा पोटाकडची बाजू यांपैकी नेमके काय टिपावे?

खरी अडचण रंगांची आहे. जवळून टिपण्याची १०० मिमीची मॅक्रो लेन्स, एफ ११ छिद्र, १/२०० सेकंद आणि डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लावलेला फ्लॅश अशी माझी मांडणी असते. तरीही लाल पाकळीतील शिरा व छटा पुसल्या जाऊन सपाट लाल डाग उरतो, कारण इतर रंग मर्यादेत असतानाच हिस्टोग्राममधील (कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखातील) लाल रेषा उजव्या, म्हणजे अतिउजेडाच्या, टोकाला धडकते. प्रकाश कमी केला तर पाकळी सावरते, पण भुंगेऱ्याच्या काळ्या अंगावरील बारीक लव अंधारात बुडते. रॉ फाइलवर (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर) नंतर काम करण्यापेक्षा जागेवरच काही करता येते का? फ्लॅशची दिशा बदलणे, खालून पांढरा कागद धरणे, की ढगाळ उजेडातच टिपणे, यांपैकी अनुभवाने काय उपयोगी ठरले आहे?

भुंगेरा उचलून पांढऱ्या फुलावर ठेवावा, हा उपाय कृपया सुचवू नये. त्याला डिवचले की पायांच्या सांध्यांतून पिवळसर द्रव स्रवतो आणि त्यातील कँथारिडिन या विषारी द्रव्यामुळे कातडीवर फोड येतात. घरच्यांचा आग्रह फवारणीचा आहे, पण याच्या अळ्या जमिनीतील नाकतोड्यांची अंडी खातात, त्यामुळे चार फुले गेली तरी माझी हरकत नाही. घरात लहान मुले आहेत, म्हणून निरीक्षणाच्या वेळी घ्यायच्या काळजीविषयीही कोणी सांगितले तर बरे होईल.