छातीवरची प्रत्येक फीत शौर्याची नसते

भाऊ, "पदकं आता खिरापतीसारखी वाटली जातात, त्यात राजकारणच जास्त" हे तुमचं म्हणणं मला सरसकट पटत नाही. आमच्या पारोळ्याकडे सुट्टीवर आलेल्या जवानाच्या वर्दीवर पाच-सहा फिती (पदकांच्या रंगीत पट्ट्या) दिसल्या की पोरं "एवढी शौर्यपदकं?" म्हणून विचारतात. त्यातली एक नऊ वर्षांच्या सेवेची असते, एक सियाचिनला राहिल्याची. ती हक्काची नोंद आहे, खैरात नव्हे.

शौर्यपदकांचं बघा. परमवीर चक्र १९४७ पासून फक्त २१ जणांना मिळालं, त्यातले १४ मरणोत्तर. कारगिलनंतर एकही नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. शिफारस युनिटमधून वर जाते. लढाईची नोंद कोण लिहितो, साक्षीला कोण जिवंत उरतो, साहेबाचं मत कसं आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. कारगिलमधल्या बटालिकच्या एका ब्रिगेडियरच्या कामगिरीची नोंद पक्षपाताने लिहिली गेली, असं सशस्त्र दल न्यायाधिकरणाने (सैनिकांच्या सेवेच्या तक्रारी ऐकणारं न्यायपीठ) २०१० मध्ये म्हटलं. ब्रिगेडियर निदान दाद मागू शकला. चाळीसगाव-अमळनेरच्या कोरडवाहू शेतातून भरती झालेला शिपाई कुठे जाणार? त्याच्या आईला तर शिफारस झाली होती की नाही हेही कळत नाही.

शौर्यासाठी नव्हे, तर उत्कृष्ट सेवेसाठी मिळणाऱ्या विशिष्ट सेवा पदकांबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. त्यातली 'परम विशिष्ट' आणि 'अतिविशिष्ट' बहुतेक वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे जातात, तिथे हुद्दाच बोलतो. शौर्यपदकांना त्यांच्याच मापाने मोजू नका, एवढंच.