ड्राइव्हवे नाही, दारासमोर लॅम्पपोस्ट आहे. कौन्सिलकडून चार्जर कसा मिळवायचा? (इंग्लंड) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय आणि तेही मदत मागायला. इंग्लंडमध्ये राहणारे आणि घराला ड्राइव्हवे (घरासमोर गाडी लावायची स्वतःची जागा) नसताना इलेक्ट्रिक गाडी वापरणारे कुणी असाल तर प्लीज वाचा. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही.

आम्ही मिडलंड्समधल्या एका शहरात राहतो. जुनं व्हिक्टोरियन टेरेस्ड घर, दार उघडलं की दोन पावलांची जागा, मग फुटपाथ, मग लगेच रस्ता. गाडी रस्त्यावरच लागते, परमिट आहे पण परमिट म्हणजे फक्त आसपासच्या गल्ल्यांत लावायचा हक्क, आपल्याच दारासमोर जागा मिळेल असं काही नाही. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, लेट शिफ्ट संपवून साडेनऊला आले की कधीकधी शेजारच्या गल्लीत गाडी लावून चालत यावं लागतं.

आमची पेट्रोल गाडी आता १४ वर्षांची झाली, या वेळच्या एमओटीला (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) इतकी कामं निघाली की त्यात पैसे घालण्यात अर्थ नाही. कामावर सॅलरी सॅक्रिफाइसमधून (हप्ता करापूर्वीच पगारातून कापतात) एमजी ४ ही इलेक्ट्रिक गाडी मिळतेय, ५१ युनिटची बॅटरी असलेली, तीन वर्षांच्या लीजवर. हप्ता परवडतो. पण महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचंय आणि एकदा सही केली की मध्येच सोडायला दंड आहे, म्हणून रात्री झोप लागत नाहीये.

मी बसून हिशोब केला. माझं आठवड्याला साधारण २०० मैल होतं, गाडी युनिटला साडेतीन मैल देते असं धरलं तर ५७ युनिटं. माझ्या सोबत काम करणारी एक आहे तिच्याकडे ड्राइव्हवे आहे, तिला रात्रीच्या टॅरिफमध्ये ७-८ पेन्सला युनिट पडतं, म्हणजे तिचा अख्खा आठवडा चार-साडेचार पौंडांत. तेच मी रस्त्यावरच्या स्लो चार्जरवर गेले तर ५० पेन्सच्या वर, म्हणजे २९-३० पौंड, आणि सुपरमार्केटच्या रॅपिड, म्हणजे जलद चार्जरवर ७५-८० पेन्स धरले तर ४३-४६. आत्ता पेट्रोलला मला ३०-३२ लागतात. म्हणजे गाडी तीच, वीज तीच, फक्त दारात दहा फूट जागा नाही म्हणून मी सहा-सात पट द्यायचे? हे मला खरंच पटत नाही. ज्यांची घरं लहान त्यांनाच जास्त भुर्दंड.

कौन्सिलचं (म्हणजे इथली नगरपालिका) म्हणाल तर तीन महिने झाले मागे लागून. आधी ज्या कौन्सिलला आम्ही टॅक्स भरतो त्यांच्या साइटवर फॉर्म भरला, पाच आठवड्यांनी उत्तर आलं की रस्ते आमच्याकडे नाहीत, काउंटी कौन्सिलला विचारा. काउंटीला लिहिलं तर दोन ओळींची मेल, तुमची विनंती नोंदवून घेतली आहे. नोंदवून घेतली म्हणजे काय, कधी, कुठे, काहीच नाही. फोन केला तर ज्या बाईंनी उचलला त्या चांगल्या होत्या पण त्यांनाही फॉर्मच्या पुढचं ठाऊक नव्हतं.

नवरा म्हणतो खिडकीतून केबल काढू, वर ते रबरी कव्हर टाकू, बरेच लोक करतात. मला ते नको वाटतं. आमच्या शेजारी एक आजी आहेत, वॉकर घेऊन रोज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात, त्यांचा पाय अडकला तर मी स्वतःला माफ करणार नाही. आणि मुळात ते कायद्यात बसतं का?

तर विचारायचंय ते असं की, दारासमोर लॅम्पपोस्ट आहे, त्यातूनच चार्जर करून देतात असं ऐकलंय, ते मागायचं कुणाकडे आणि कसं? फुटपाथमध्ये चर पाडून केबल घालतात ते कुणी केलंय का, किती खर्च आला? आणि चार्जर येईल या आशेवर गाडी घ्यावी का? पुण्यात भावाच्या सोसायटीत चार्जरसाठी दोन मीटिंगा झाल्या, पण निदान पार्किंगची जागा त्याच्या नावावर तरी आहे, इथे माझ्या नावावर काहीच नाही.

प्रतिसाद

ताई, आम्ही कॉव्हेंट्रीत राहतो, इथे लॅम्पपोस्टवरचे चार्जर भरपूर आहेत, दोन वर्षं त्यावरच गाडी चालवतोय. पहिला प्रश्न, तुमचा तो खांब फुटपाथच्या कुठल्या बाजूला आहे? रस्त्याच्या कडेला की घराच्या भिंतीला चिकटून? सगळं त्याच्यावर आहे. भिंतीकडे असेल तर केबल फुटपाथवरूनच गाडीपर्यंत जाणार, म्हणजे आजींचा प्रश्न तोच राहिला, त्यामुळे कौन्सिल असे खांब घेतच नाही. दिवे एलईडी झाल्यामुळे खांबाच्या वायरीत थोडी जागा मोकळी झाली आणि तिथून साधारण ५ किलोवॅट मिळतात, तुमची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर दहा तास धरा. पण रोज पूर्ण रिकामी कोण करतं, आठवड्यात दोन रात्री लावली की काम होतं. केबल आपली आपण न्यायची, टाइप २ वाली, गाडीसोबत मिळते का ते आधी विचारून घ्या, आम्हाला वेगळी घ्यावी लागली. खांबावर कार्ड टॅप होत नाही, क्यूआर स्कॅन करून पैसे भरायचे. आणि दराचं म्हणाल तर काही कंपन्या रात्री स्वस्त देतात, संध्याकाळी लावून आम्ही मध्यरात्रीनंतर सुरू होईल असं गाडीतच सेट करतो.

प्रतिसाद

भुर्दंडाचं अजून एक कारण व्हॅट. घरच्या विजेवर ५ टक्के, पब्लिक चार्जरवर २० टक्के लावत आलेत. म्हणजे ज्याच्याकडे ड्राइव्हवे नाही तो टॅक्ससुद्धा चौपट दराने भरतो. याबद्दल खासदाराला लिहा, कौन्सिलच्या हातात ते नाही.

प्रतिसाद

मी एका काउंटीच्या ट्रान्सपोर्ट विभागात काही वर्षं काम केलंय (तुमची नव्हे), म्हणून आतली पद्धत सांगतो.

तुम्ही आधी चुकीच्या दारात गेलात, आणि त्यात तुमची काही चूक नाही, सगळ्यांचं होतं. दोन थरांचं कौन्सिल असलं की टॅक्सचं बिल पाठवतं खालच्या थरातलं डिस्ट्रिक्ट कौन्सिल, कारपार्क त्यांचे, पण रस्ता, फुटपाथ आणि बहुतेक ठिकाणी लॅम्पपोस्ट वरच्या थरातल्या काउंटीचे. पूर्वी २०१७ पासून ऑर्क्स (ORCS) नावाची, रस्त्यावरच्या चार्जरसाठी कौन्सिलांना सरकारी पैसे देणारी स्कीम होती, त्यात डिस्ट्रिक्टसुद्धा स्वतः अर्ज करू शकायचं, ती २०२४ ला बंद झाली. आता इंग्लंडात जो मोठा पैसा आहे तो लेव्ही (LEVI) या सरकारी चार्जर फंडाचा, ३८ कोटी पौंडांच्या आसपास, तो काउंटी आणि युनिटरी (जिथे एकच थर असतो अशा) कौन्सिलांकडे गेलाय आणि तो मुळात तुमच्यासारख्या ड्राइव्हवे नसलेल्या लोकांसाठीच आहे. उशीर का होतो तर कौन्सिल स्वतः चार्जर चालवत नाही, टेंडर काढून एका कंपनीला बरीच वर्षं, कधी १५ वर्षंसुद्धा, काम देते आणि मग कंपनी जागा निवडते. जिथे वापर होईल तिथेच ती येणार. तुमच्या एकटीच्या फॉर्मने एक टिंब पडतं नकाशावर, गल्लीतल्या आठ-दहा घरांनी भरला की ती जागा वर येते.

मेलमध्ये 'चार्जर कधी बसवणार' असं विचारू नका, त्याला उत्तर 'नोंद घेतली' हेच येतं. विचारा की लेव्हीचं कंत्राट दिलं का, कुणाला, पहिल्या टप्प्यातल्या जागांच्या यादीत आमचा वॉर्ड आहे का. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात टाका, इथे तो २००० चा कायदा आहे, २० वर्किंग दिवसांत उत्तर द्यावं लागतं. काउंटी कौन्सिलर वेगळा आणि डिस्ट्रिक्टचा वेगळा, काउंटीवाल्याला गाठा.

अजून एक, 'फक्त इलेक्ट्रिक गाड्यांसाठी' अशी राखीव जागा हट्टाने मागू नका. त्याला ट्रॅफिक रेग्युलेशन ऑर्डर (पार्किंगचे नियम बदलणारा कायदेशीर आदेश) लागते, नोटीस लागते, हरकतींसाठी २१ दिवस, आणि पार्किंगची मारामार असलेल्या गल्लीत हरकती येतातच. राखीव जागेशिवाय खांबावरचा चार्जर लवकर होतो, पण मग समोर पेट्रोल गाडी लागली तर काही म्हणता येत नाही, हेही खरं.

केबलबद्दल, १९८० च्या हायवेज ॲक्टप्रमाणे परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर केबल टाकता येत नाही. काही कौन्सिलं कव्हर घालून चालवून घेतात, काही सरळ नाही म्हणतात. तुमचं म्हणणं बरोबर आहे, नवऱ्याला थांबवा.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. कॉव्हेंट्रीच्या दादांचं वाचून लगेच चप्पल घालून बाहेर जाऊन पाहिलं. आमच्या दारासमोरचा खांब भिंतीला चिकटूनच आहे. आमच्या गल्लीतले सगळेच तसे. इतके महिने खिडकीतून त्याच्याकडे बघत मी स्वप्नं रंगवत होते, रडूच आलं एकदम. पण मग गल्लीच्या तोंडापर्यंत गेले तर आडव्या रस्त्यावर नवीन लोखंडी खांब आहेत आणि ते रस्त्याच्या कडेला आहेत, तीन मोजले. घरापासून दोन मिनिटं. तिथलं मागू का? त्या रस्त्याला आमचं परमिट चालतं.

प्रतिसाद

चरीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझी बहीण ऑक्सफर्डला असते, तिथे कौन्सिलच्याच कंपनीने फुटपाथमध्ये चर बसवून ट्रायल केली होती. घरातून आणलेली केबल चरीत जमिनीच्या पातळीला राहते, वॉकर, व्हीलचेअर, बाबागाडी काही अडत नाही, त्यामुळे घरच्या रात्रीच्या दराने चार्ज होतं. जुलै २०२५ मध्ये सरकारने यासाठी कौन्सिलांना २.५ कोटी पौंड द्यायचं जाहीर केलं, आता बरीच कौन्सिलं सुरू करताहेत, तुमची काउंटी करतेय का ते त्याच मेलमध्ये विचारा. खर्च हजार पौंडांच्या आसपास धरा, चार्जर वेगळा, त्याला अनुदान आहे पण आधी कौन्सिलची परवानगी हातात हवी. मात्र तुम्ही लिहिलंय की दारासमोर जागा मिळत नाही. मग चर काय कामाची? आधी आठवडाभर रोज रात्री गाडी कुठे लागली ते वहीत लिहून ठेवा, मग ठरवा.

प्रतिसाद

आशेवर गाडी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. आज जे चार्जर आहेत त्यावर तीन वर्षं निघतील का तेवढंच बघा. हॉस्पिटलच्या स्टाफ पार्किंगमध्ये चार्जर आहेत का? शिफ्टचे आठ-दहा तास गाडी तिथेच उभी असते ना, तिथला दर विचारा.

धागाकर्ती

स्टाफ पार्किंगचं सुचलंच नव्हतं! आज विचारलं. सहा आहेत, ७ किलोवॅटचे, युनिटला ३५ पेन्स, पण चार तासांनी गाडी हलवावी लागते. चार तासांत २८ युनिटं, आठवड्यात दोनदा मिळालं तरी माझं जवळजवळ भागतंय, २० पौंडांत. लेट शिफ्टला दुपारी गेले की मोकळे असतात म्हणे, या आठवड्यात रोज बघून येणार आहे. ते जमलं तर गाडीला हो म्हणते.

चर आमच्या कामाची नाही हे पटलं, गेल्या पाच रात्रींत दारासमोर एकदाच जागा मिळाली. काउंटीला आज नवीन मेल लिहितेय, कंत्राट, वॉर्ड आणि आडव्या रस्त्यावरचे तीन खांब, फोटोसकट. खांबांवर नंबर असतात तेही टिपून आणलेत. शनिवारी गल्लीत दारोदार जाऊन फॉर्म भरायला सांगणार आहे, आजींनी तर गाडी नसताना सही करते म्हटलंय. ज्या घरांसमोर ते खांब आहेत त्यांना मात्र आधी भेटायला हवं, त्यांना कौन्सिलच्या नोटिशीवरून कळायला नको. कुणी काउंटी कौन्सिलरला अशी मेल पाठवली असेल तर तिचा मजकूर इथे टाकाल का? इंग्रजीत नेमकं कसं मांडायचं तिथे मी अडलेय.