मंत्रालय आणि प्रकल्पबाधित: दोघांचा फोन एकाच टेबलावर कशाला?

कोरा_कागद (धागाकर्ता)

परवा एका मैत्रिणीने नोकरीची जाहिरात पाठवली. आंतरराष्ट्रीय विकास बँक, पद 'शासन व स्टेकहोल्डर संपर्क प्रमुख'. बँकेचं नाव सांगत नाही, तशी गरजही नाही, या जाहिराती एकाच साच्यातून निघतात. काम काय, तर अर्थमंत्रालयाशी संबंध सांभाळणे, खासदारांना माहिती पुरवणे, इतर देणगीदारांशी जुळवून घेणे, स्वयंसेवी संस्थांशी संवाद आणि शेवटून दुसऱ्या ओळीत 'प्रकल्पबाधितांशी विश्वासाचे नाते'.

माझं म्हणणं एवढंच की ही दोन वेगळी कामं आहेत. एका माणसाकडे दिली की दुसरं मरतं.

आधी शब्दाचा घोळ बघा. मराठीत स्टेकहोल्डरला (ज्याचं काही पणाला लागलंय त्याला) सर्रास 'भागधारक' म्हणतात. एरवी चालून जातं. इथे नाही, कारण या बँकांमध्ये सरकारं खरोखरच भागधारक असतात. तीच मालक, तीच कर्जदार, प्रकल्पही बहुतेक तीच राबवणार. ज्याची जमीन जाते त्याच्याकडे एकही शेअर नसतो. दोघांना एका शब्दात कोंबलं की कुणाचा फोन आधी उचलला जाणार ते ठरलेलंच आहे.

मी सहा वर्षं अशा बँकांच्या मिशनांबरोबर (पाहणीला येणाऱ्या पथकांबरोबर) टिपणं घ्यायचं काम केलं. एका रस्त्याच्या प्रकल्पाची सभा होती. पुढच्या रांगेत अधिकारी, मागे गावातले पुरुष, दाराजवळ बायका. माइक दारापर्यंत गेलाच नाही. एक बाई तिथूनच ओरडून म्हणाली, "पाणी रस्त्याच्या पलीकडे राहणार. दिवसातून आठ वेळा जाते मी. पोर काखेत घेऊन तो रस्ता कसा ओलांडायचा?" मी शब्दन् शब्द लिहून घेतलं. संध्याकाळच्या मसुद्यात त्याचं 'सुरक्षित पारगमनाबाबत सूचना आल्या' झालं. अंतिम कागदावर आलं, 'सहभागींनी प्रकल्पाचे स्वागत केले व काही सूचना केल्या'. बदल संपर्क प्रमुखांनी केला. माणूस वाईट नव्हता हो. दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्यांना सचिवांसमोर बसायचं होतं, आणि तो कागद सचिव वाचणार होते.

दफ्तरदार

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो. कर्ज घेणाऱ्या सरकारच्या अर्थखात्यात, बरीच वर्षं. तुमचा किस्सा खरा मानतो. निष्कर्ष मात्र साफ चुकलाय.

जागतिक बँकेचा मूळ करारनामा वाचा, ब्रेटन वूड्सला १९४४ मध्ये ठरलेला. सदस्य देशाने बँकेशी व्यवहार करायचा तो आपला खजिना, मध्यवर्ती बँक किंवा तशाच वित्तीय यंत्रणेमार्फतच, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे दार एकच, आणि ते अर्थखात्याचं. त्या दारातून ज्याला आत घेत नाहीत तो फक्त पोस्टमन. तुम्ही लोकांसाठी वेगळा अधिकारी नेमाल. त्याला गाडी मिळेल, वही मिळेल. त्याचा फोन मात्र कुणी उचलणार नाही.

आता माझा किस्सा. मिशनच्या शेवटी एड-मेम्वार लिहितात (काय पाहिलं आणि सरकारने काय कबूल केलं त्याचं टिपण). एकदा एका क्रियापदावर आम्ही रात्री साडेअकरापर्यंत अडलो होतो. आमचा आग्रह 'सरकारने नोंद घेतली', बँकेच्या संपर्क प्रमुख बाईंचा आग्रह 'सरकारने मान्य केले'. विषय होता मोबदला आधी आणि ताबा नंतर. आमचं ठरलेलं उत्तर तयार होतं की यंदाच्या तरतुदीत पैसे नाहीत. बाई म्हणाल्या, दुसऱ्या लेखाशीर्षाखाली पैसे पडून आहेत, वर्ष संपायला सात आठवडे राहिलेत, पुनर्विनियोजनाला (ते पैसे इकडे वळवायला) तुमचीच सही लागते. खरं होतं. त्यांना हे ठाऊक होतं, कारण तीन वर्षं त्या आमच्या खोल्यांमधून वावरत होत्या. त्याच आठवड्यात त्या बाधितांनाही भेटून आल्या होत्या, म्हणून नेमकं काय मागायचं तेही कळत होतं. 'मान्य केले' लिहिलं गेलं. तुमच्या दोन खुर्च्या असत्या तर हे झालंच नसतं.

आडवा_प्रश्न

दोन खुर्च्या करा नाहीतर चार. पगार एकाच तिजोरीतून. कर्ज मंजूर झालं की बढती, अडलं की बदली. बाकी सगळा फर्निचरचा वाद.

कोरा_कागद

@दफ्तरदार, त्या बाईंना मनापासून सलाम. पण तुम्ही चांगल्या माणसाचं उदाहरण देताय, मी पदाबद्दल बोलतोय. त्यांच्या जागी माझे दहा वाजताचे साहेब असते तर?

आणि अर्थखात्यात घट्ट ओळख असणं नेहमी गुणच असतो का? जागतिक बँकेचा 'डूइंग बिझनेस' अहवाल आठवा, कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं ते सांगणारा, ज्यातल्या क्रमांकावरून सरकारं पाठ थोपटून घ्यायची. २०१८ च्या आवृत्तीत चीनचा क्रमांक ८५ वर घसरत होता. आकड्यांची पद्धत इकडेतिकडे करून तो ७८ ठेवला गेला. पुढे बाहेरच्या वकिलांनी केलेल्या चौकशीत हे निघालं. ज्या काळात हे घडलं तेव्हा बँक सदस्य देशांकडे भांडवलवाढ मागत होती, आणि त्यात चीनचा वाटा मोठा असणार होता. सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने तो अहवालच कायमचा बंद केला. इथे लाच नाही, धमकी नाही. मोठ्या भागधारकाला नाराज करायचं नाही, एवढीच काळजी. 'संबंध सांभाळणे' यालाच म्हणतात ना?

दफ्तरदार

आणि संबंध तुटले की काय होतं? बांगलादेशातला पद्मा पूल. जागतिक बँकेने २०११ मध्ये १२० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, भ्रष्टाचाराच्या संशयावरून जून २०१२ मध्ये रद्द केलं. सहा किलोमीटरहून लांब पूल, त्या देशाच्या सर्वात मोठ्या योजनांपैकी एक. दोन्ही बाजू वर्तमानपत्रांतून एकमेकांशी बोलत होत्या. २०१७ मध्ये याच प्रकरणावरून कॅनडात चाललेल्या खटल्यात आरोपी सुटले, फोन टॅपिंगचा पुरावाच टिकला नाही. सरकारने पूल स्वतःच्या पैशाने बांधला, जून २०२२ मध्ये खुला झाला. बँक देखरेखीच्या खोलीतून बाहेर पडली ती पडलीच. बाधितांसाठी नियम लावून धरायला तिथे मग तिचं कोण उरलं?

कोरा_कागद

पद्मावर थोडा अडलो, खोटं कशाला बोलू. पण निर्दोष सुटणं ते खटल्यातल्या पुराव्यापुरतं. बँकेने संशय आल्यावर तोंड मिटून बसायला हवं होतं, असं त्यातून निघत नाही.

मधली_ओळ

दोघेही एक गोष्ट विसरताय: तुम्ही ज्याच्यावर भांडताय ती वेगळी खुर्ची आहेच. फक्त ती खूप उशिरा येते.

सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर कबूल केले. विस्थापितांच्या आंदोलनानंतर बँकेला मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र फेरतपासणी करावी लागली. १९९२ चा तो अहवाल बँकेला झोंबला, कारण पुनर्वसनाचे बँकेचेच नियम पाळले गेले नाहीत असं त्यात होतं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून सांगितलं आणि त्याच वर्षी बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल (तक्रारी तपासणारं स्वतंत्र मंडळ) स्थापन केलं. तिथे प्रकल्पक्षेत्रातली किमान दोन माणसं मिळून थेट तक्रार करू शकतात, सरकारमार्फत जावं लागत नाही. पॅनेल व्यवस्थापनाला नाही, कार्यकारी संचालकांच्या मंडळाला जबाबदार. सदस्यांना मुदत संपल्यावर बँकेत पुन्हा नोकरी नाही. पहिलंच प्रकरण नेपाळच्या अरुण धरणाचं आलं आणि १९९५ मध्ये बँकेने त्यातून अंग काढून घेतलं.

पण पॅनेलकडे जायची वेळ येते तोवर घर पडलेलं असतं. युगांडातल्या रस्त्याच्या प्रकल्पात कंत्राटदाराच्या कामगारांनी अल्पवयीन मुलींचं शोषण केल्याची तक्रार २०१४ च्या अखेरीस आली. बँकेने निधी रद्द केला डिसेंबर २०१५ मध्ये. मधलं वर्ष मोजा. तिथे अर्थखात्याशी संबंध बिघडलेले असल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

आणि कोरा_कागद, एक दुरुस्ती. तुमची ती सभा बोलावली कुणी होती? ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या जागतिक बँकेच्या पर्यावरण-सामाजिक चौकटीत दहावं मानक याच विषयाचं आहे, आणि त्यानुसार लोकांशी सल्लामसलत करायची जबाबदारी कर्जदाराची. बँकेने ती नीट होते की नाही ते पाहायचं. म्हणजे तुमच्या साहेबांचं काम नातं जोडण्याचं नव्हतंच, तपासण्याचं होतं. आणि तपासणाऱ्यानेच कागद गोड केला.

कोरा_कागद

सभा सरकारी खात्यानेच बोलावली होती. बरोबर आहे तुमचं. मग माझी मागणी बदलतो. खुर्ची एक राहू द्या, पण सभेचं कच्चं टिपण संपर्क प्रमुखाच्या हातातून जाता कामा नये. ते आहे तसं जोडपत्र म्हणून लागावं. दाराजवळची ती बाई जोडपत्रात तरी राहील.

दफ्तरदार

याला माझी हरकत नाही. फक्त नावं काढून जोडा. एका जोडपत्रातल्या नावांवरून तालुक्याच्या अधिकाऱ्याने कोण बोललं ते हुडकलेलं मी पाहिलंय. कच्चं टिपण म्हणजे आपोआप लोकांच्या बाजूचं, असं समजू नका.

आडवा_प्रश्न

जोडपत्र क्रमांक सात. वाचणारे शून्य.

नवखी

ज्या मैत्रिणीने जाहिरात पाठवली ती मीच. 😀 अर्ज केलाय, मुलाखतीला बोलावलंय. तुमचा सगळा वाद वाचून हातपाय गार पडलेत. मी आठ वर्षं स्वयंसेवी संस्थेत काम केलं, मंत्रालयात एकही ओळख नाही. मी विचारू काय त्यांना?

मधली_ओळ

तक्रार तुमच्या टेबलावरून वर जाताना कुणाच्या सहीने थांबू शकते, ते विचारा. उत्तर द्यायला त्यांना किती वेळ लागतो तेही बघा.

दफ्तरदार

अर्थसंकल्पाचं वेळापत्रक शिका. ओळखी त्यातून होतात, चहा पिऊन नाही. कुठल्या महिन्यात कोणता अधिकारी कशासाठी अडलेला असतो हे कळलं की निम्मं काम झालं. आणि आधीचा माणूस का गेला, हे नक्की विचारा.

नवखी

ते फोनवरच विचारलं होतं. आधीच्या बाई अर्थमंत्रालयात सल्लागार म्हणून गेल्यात.

कोरा_कागद

म्हणजे मुलाखतीनंतर पहिली भेट त्यांच्याशीच.